काढता येणारा भाग आणि पेटंटची कसोटी

तंबाखू न जाळता ती ठरावीक तापमानापर्यंत तापवून, किंवा निकोटिनयुक्त द्रवाची वाफ करून, श्वासावाटे ओढता येईल असा एरोसोल निर्माण करणाऱ्या उपकरणांची रचना वरकरणी साधी दिसत असली, तरी पेटंट परीक्षणात ती वारंवार वादाचा विषय ठरली आहे. एरोसोल म्हणजे वायूत तरंगत राहणाऱ्या अतिसूक्ष्म थेंबांचा किंवा घनकणांचा समूह. धुके आणि धूर ही त्याचीच परिचित रूपे होत. या उपकरणांत बॅटरी, नियंत्रक परिपथ आणि तापक हे घटक टिकाऊ असतात, तर तंबाखूची कांडी, द्रवाची कुपी, मुखनळी किंवा कांडीभोवतीची नळी हे भाग काढता-घालता येतात. अर्जदाराचा दावा बहुधा या दोन गटांच्या सांध्यावर उभा असतो आणि परीक्षकापुढे प्रश्न येतो तो असा, की एखादा भाग काढता येण्याजोगा करणे एवढ्याने शोध सिद्ध होतो काय, आणि होत नसेल तर आणखी काय दाखवावे लागते. प्रस्तुत आढाव्यात युरोप, अमेरिका आणि भारत येथील कायदा व निर्णय समोर ठेवून या प्रश्नाचा विचार केला आहे.

उपकरणाचा पूर्वेतिहास

पेटंट म्हणजे शोधाचा तपशील जाहीर करण्याच्या मोबदल्यात सामान्यतः २० वर्षांपुरता मिळणारा, त्या शोधाचा वापर करण्यापासून इतरांना रोखण्याचा अधिकार. तो देण्यापूर्वी परीक्षक अर्जाची तुलना पूर्वज्ञानाशी करतो. पूर्वज्ञान म्हणजे अर्जाच्या तारखेआधी कोठेही, कोणत्याही स्वरूपात लोकांना उपलब्ध झालेली माहिती. तापवून वाफ देणाऱ्या उपकरणांबाबत हे पूर्वज्ञान अपेक्षेपेक्षा जुने आहे. औषधी द्रव्य विजेने तापवून त्याची वाफ ओढण्याच्या साधनाचे जोसेफ रॉबिन्सन यांचे अमेरिकी पेटंट १९३० सालचे आहे, तर तंबाखू न जाळता तापवलेली दमट, सुगंधी हवा ओढण्याच्या हर्बर्ट गिल्बर्ट यांच्या कल्पनेला १९६५ मध्ये पेटंट मिळाले. आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीने १९८८ मध्ये ‘प्रीमियर’ ही तंबाखू तापवणारी सिगारेट बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी मागे घेतली. चीनमधील औषधनिर्माते होन लिक यांनी २००३ मध्ये आधुनिक इलेक्ट्रॉनिक सिगारेटचा अर्ज केला, आणि २०१४ मध्ये फिलिप मॉरिस इंटरनॅशनलने ‘आयकॉस’ हे उपकरण जपानमधील नागोया आणि इटलीतील मिलान येथे प्रथम विक्रीस आणले.

बाजारात अपयशी ठरलेले उपकरणही पूर्वज्ञान म्हणून तितकेच बोलके असते, ही गोष्ट या इतिहासात महत्त्वाची आहे. आज नव्या वाटणाऱ्या अनेक कल्पना जुन्या पेटंटांत, कधी एखाद्या आकृतीतच, सापडतात. या क्षेत्रातील दस्तऐवज इतके वाढले की आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरणात २०२० पासून ‘ए२४एफ ४०’ हा स्वतंत्र गट करावा लागला. त्यात कुपी आणि बॅटरीचा भाग यांच्या जोडणीसारखे रचनेचे तपशील, तापकाचे आकार, प्रवर्तनाने तापवणे आणि साफसफाई यांसाठी वेगवेगळे उपगट आहेत. जोडणी आणि साफसफाई यांना वर्गीकरणात स्वतःची जागा मिळावी, यावरूनच काढता येणाऱ्या भागाचे या तंत्रज्ञानातील महत्त्व कळते.

सांध्यावर काय घडते

भाग काढता येण्याजोगा का करावा, याचे उत्तर उपकरणाच्या पोटात आहे. आयकॉसच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत पात्यासारखा तापक तंबाखूच्या कांडीत आतून घुसतो आणि सुमारे ३५० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. वापरानंतर कांडी सरळ ओढली, तर तापलेली तंबाखू पात्याला चिकटून आत राहण्याची शक्यता असते. म्हणून कांडीभोवती एक सरकती नळी बसवतात, जी कांडीला आधार देत तिला पात्यावरून अलगद उचलते आणि पुढे स्वतःही बाहेर काढून साफ करता येते. अशी नळी बसवली की एक अडचण सुटते, पण दुसऱ्या अनेक उभ्या राहतात. नळी आणि कक्ष यांच्यातील फटीतून हवा शिरली तर ओढीचा जोर बदलतो. नळी किंचित तिरकी बसली तर पात्यावर ताण येतो. विद्युत जोडणी सांध्यातून जात असेल तर संपर्काचा रोध वाढून तापमानाचे मापन चुकते. आणि सांध्यातून उष्णता बाहेरच्या कवचाकडे वाहू लागली तर हात भाजण्याचा धोका निर्माण होतो.

परीक्षणाच्या दृष्टीने खरा आशय या अडचणींत आहे. भाग वेगळा करण्याची इच्छा कोणालाही सुचू शकते, परंतु वेगळा केल्यामुळे उद्भवलेली विशिष्ट अडचण ओळखून ती विशिष्ट रचनेने दूर करणे हे तांत्रिक योगदान ठरू शकते. म्हणून अर्जातील वर्णनाने सांध्यावर काय घडते ते सांगितले पाहिजे, आणि दाव्याने, म्हणजे संरक्षणाची हद्द आखणाऱ्या क्रमांकित वाक्याने, त्या घडण्याला कारणीभूत असलेली रचना नेमकी पकडली पाहिजे.

नावीन्य आणि शब्दांचा अर्थ

परीक्षणाची पहिली पायरी नावीन्याची असते: दाव्यातील सर्व वैशिष्ट्ये एकाच पूर्वीच्या दस्तऐवजात एकत्र उघड झालेली असतील, तर दावा नवा नाही. युरोपीय शोध-अहवालात असा दस्तऐवज, जो एकटाच दाव्याला बाधक ठरतो, ‘एक्स’ या अक्षराने दाखवतात. दुसऱ्या दस्तऐवजाशी जोडल्यावर बाधक ठरणारा ‘वाय’, आणि केवळ पार्श्वभूमी सांगणारा ‘ए’. आता ‘काढता येणारी नळी’ एवढेच दाव्यात लिहिले, तर स्क्रूने बसवलेली आणि पेचकसाने सुटणारी जुन्या उपकरणातील नळीही त्यात बसते काय, असा प्रश्न लगेच उभा राहतो. दाव्यात ‘वापरणाऱ्याने हत्याराशिवाय काढण्याजोगी’ असे म्हटले असते, तर उत्तर वेगळे आले असते. अर्जदार मात्र हद्द रुंद राहावी म्हणून शब्द मोकळा ठेवतो, आणि वर्णनात त्याची व्याख्या देऊन पुढे सोयीनुसार ती वापरू पाहतो.

अशा व्याख्येचे स्थान काय, हा प्रश्न युरोपीय पेटंट कार्यालयाच्या विस्तारित अपील मंडळापुढे आला तोही तापवून एरोसोल देणाऱ्या वस्तूच्याच प्रकरणात. उष्णता पसरवणाऱ्या वेष्टणाच्या कांडीविषयीच्या फिलिप मॉरिस प्रॉडक्ट्सच्या पेटंटाला युनान टोबॅको इंटरनॅशनल या चिनी कंपनीने विरोध केला होता. दाव्यात तंबाखूचा ‘चुणून एकत्र केलेला’ पातळ पत्रा असा उल्लेख होता. या क्षेत्रातील जाणकार त्या शब्दाचा जो रूढ, अरुंद अर्थ लावील तो घेतला तर दावा नवा ठरत होता. पण पेटंटाच्या वर्णनात त्याच शब्दाची व्याख्या दुमडलेला, वळवलेला किंवा अन्य रीतीने अक्षाला आडव्या दिशेने दाबलेला पत्रा अशी व्यापक केली होती, आणि ती घेतली तर जुना दस्तऐवज आडवा येत होता. टी ४३९/२२ या अपिलातून २०२४ मध्ये प्रश्न वर पाठवला गेला आणि १८ जून २०२५ रोजी जी १/२४ हा निर्णय आला. त्यानुसार पेटंटयोग्यता ठरवताना दावे हाच आरंभबिंदू आणि आधार असतो, परंतु दाव्यांचा अर्थ लावताना वर्णन आणि आकृत्या नेहमीच पाहिल्या पाहिजेत, केवळ दावा संदिग्ध वाटला तरच नव्हे. युरोपच्या एकीकृत पेटंट न्यायालयाच्या अपील विभागाने फेब्रुवारी २०२४ मध्ये नॅनोस्ट्रिंग विरुद्ध टेनएक्स जीनोमिक्स या प्रकरणात घेतलेल्या भूमिकेशी हा निर्णय जुळतो.

या निर्णयाचे महत्त्व न्यायाच्या समतोलात आहे. उल्लंघनाच्या दाव्यात व्यापक व्याख्येचा लाभ मागणारा पेटंटधारक वैधतेची तपासणी चालू असताना त्याच व्याख्येपासून हात झटकू लागला, तर लोकांना पेटंटाची खरी हद्द कधीच कळणार नाही. वर्णन नेहमी वाचायचे असे ठरल्यावर उदार व्याख्येची किंमत अर्जदाराला परीक्षणातच मोजावी लागते. अर्थात, दाव्यात नसलेली मर्यादा वर्णनातून आत ओढून दावा वाचवण्याची मोकळीक या निर्णयाने दिली असे मानणे चुकीचे ठरेल, कारण आरंभबिंदू दावाच राहिला आहे. ‘काढता येणारा’ या शब्दाचा हवा तो अर्थ अर्जदाराला हवा असेल, तर तो दाव्यातच लिहिणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे.

कल्पकतेची पायरी

दावा नवा ठरला तरी तो त्या क्षेत्रातील जाणकाराला सहज सुचण्याजोगा नसावा लागतो. युरोपात ही तपासणी समस्या आणि उकल या पद्धतीने होते: सर्वांत जवळचे पूर्वज्ञान निवडायचे, दावा त्याहून कोठे वेगळा आहे ते पाहायचे, त्या फरकामुळे कोणता तांत्रिक परिणाम साधला ते ठरवून त्यावरून वस्तुनिष्ठ समस्या मांडायची, आणि जाणकार त्या उकलीकडे जाऊ शकला असता एवढेच न विचारता तो खरोखर गेला असता काय, हे तपासायचे. सुट्या भागांच्या बाबतीत समस्या कशी मांडली जाते यावर निकालाचा कल बराच अवलंबून असतो. ‘साफसफाई सोपी करणे’ एवढीच समस्या मानली, तर नळी सुटी करणे ही उघड वाट ठरते. ‘सुटी नळी बसवूनही हवेचा मार्ग आणि तापमानाचे मापन स्थिर ठेवणे’ ही समस्या असेल, तर उत्तर तितके उघड राहत नाही. मात्र दुसरी मांडणी करण्यासाठी दाव्यातील वैशिष्ट्यांनी तो परिणाम प्रत्यक्ष साधलेला असावा लागतो. वर्णनात इच्छा व्यक्त करणे पुरेसे नसते.

अमेरिकी न्यायव्यवहारात या विषयाला थेट भिडणारे जुने निर्णय आहेत. डुलबर्ग यांच्या १९६१ च्या प्रकरणात लिपस्टिकच्या नळीचे टोपण काढता येण्याजोगे करण्याचा प्रश्न होता, आणि टोपणाखालच्या टोकापर्यंत पोहोचण्याची गरज असेल तर टोपण काढता येण्याजोगे करणे उघड आहे, असे न्यायालयाने म्हटले. १९६५ च्या लार्सन प्रकरणात उलट बाजू आली: अनेक भाग जोडून केलेली रचना एकसंध करणे हीही अभियांत्रिकीतील सामान्य निवड ठरली. पण १९८३ च्या शेंक विरुद्ध नॉर्ट्रॉन प्रकरणात एकसंध बांधणीमुळे कंपन शमवण्याची गरजच उरली नाही, आणि ही दृष्टी त्या क्षेत्रातील प्रचलित समजुतीच्या विरुद्ध होती, म्हणून पेटंट टिकले. हे तीन निर्णय एकत्र वाचले की सूत्र स्पष्ट होते: जोडणे किंवा तोडणे ही क्रिया स्वतः तटस्थ आहे, आणि निकाल तिच्यामुळे साधलेल्या अनपेक्षित तांत्रिक परिणामावर ठरतो.

भारतीय कायद्याने हाच विचार निराळ्या शब्दांत बांधला आहे. पेटंट अधिनियम, १९७० मधील व्याख्येनुसार कल्पकतेच्या पायरीसाठी उपलब्ध ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व, अथवा दोन्ही, असावे लागते आणि शोध जाणकाराला उघड नसावा लागतो. कलम ३(एफ) त्याहून नेमके आहे: ज्ञात साधनांची केवळ मांडणी, फेरमांडणी किंवा पुनरावृत्ती, ज्यात प्रत्येक साधन स्वतंत्रपणे आपले ठरलेलेच काम करते, ती शोध मानली जात नाही. ज्ञात तापक, ज्ञात नळी आणि ज्ञात चुंबक एकत्र ठेवून प्रत्येकाने पूर्वीचेच काम केले तर हे कलम लागू होते. पण नळीच्या बसण्यातूनच तापक सुरू होतो आणि ती काढताच परिपथ तुटतो, अशी परस्परक्रिया असेल तर ते लागू करताना कारणे द्यावी लागतात. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या १९७८ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयापुढे लेथवर भांडी कातताना ती पकडून ठेवण्याच्या साधनाचे पेटंट होते. ते अवैध ठरवताना न्यायालयाने सांगितले, की ज्ञात गोष्टीतील सुधारणा केवळ कारखान्यातील नेहमीच्या सुधारणेपेक्षा अधिक असली पाहिजे. धातूची भांडी पकडण्याच्या साधनाविषयीचा हा निकष सुट्या भागांच्या कोणत्याही उपकरणाला आजही तंतोतंत लागू पडतो.

दुरुस्तीची मर्यादा

हरकत आल्यावर अर्जदार दावा अरुंद करतो, आणि सुट्या भागांच्या अर्जांत सर्वाधिक घसरण येथेच होते. युरोपीय पेटंट कराराच्या कलम १२३(२) प्रमाणे मूळ अर्जात जे थेट आणि निःसंदिग्धपणे उघड केले आहे त्यापलीकडे दुरुस्ती जाऊ शकत नाही. नमुन्यादाखल असा अर्ज घेता येईल, ज्याच्या वर्णनात सुट्या नळीच्या तळाशी चुंबक आहे आणि चुंबकाभोवती हवेची खाच आहे, कारण खाचेतून जाणारी थंड हवा चुंबकाला तापू देत नाही आणि त्यामुळे त्याची पकड कमी होत नाही. हरकतीला उत्तर देताना अर्जदाराने दाव्यात फक्त चुंबक घातला आणि खाच वगळली, तर परीक्षक आक्षेप घेईल की मूळ वर्णनात या दोन गोष्टी कार्याने बांधलेल्या होत्या, त्यांतील एक सुटी करून उचलणे हे मधल्या पातळीवरचे सामान्यीकरण आहे, आणि खाच नसलेला चुंबक मूळ अर्जात कोठेही उघड केलेला नव्हता. भारतात कलम ५९ ही मर्यादा आणखी आवळते: दुरुस्त दावा आधीच्या दाव्याच्या हद्दीत पूर्णपणे बसला पाहिजे आणि मूळ विनिर्देशात, म्हणजे वर्णन व दावे असलेल्या दस्तऐवजात, नसलेले काही त्यात येता कामा नये.

आकड्यांच्या मर्यादांबाबत अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाचा फेब्रुवारी २०२४ मधील आरएआय स्ट्रॅटेजिक होल्डिंग्ज विरुद्ध फिलिप मॉरिस प्रॉडक्ट्स हा निर्णय उद्बोधक आहे. त्यात टिकाऊ तापकाची लांबी आणि टाकाऊ तंबाखूच्या भागाची लांबी यांचे प्रमाण ७५ ते ८५ टक्के असे दाव्यात होते, तर वर्णनात ७५ ते १२५, ८० ते १२०, ८५ ते ११५ आणि ९० ते ११० टक्के अशा चढत्या काटेकोरपणाच्या मर्यादा दिल्या होत्या. दाव्यातील मर्यादा शब्दशः वर्णनात नसल्याने तिला आधार नाही, असे पेटंट कार्यालयाच्या मंडळाने ठरवले होते. न्यायालयाने तो भाग रद्द केला, कारण हे तंत्रज्ञान पुरेसे साधे आहे आणि वर्णन वाचणाऱ्या जाणकाराला त्या आकड्यांतून दाव्यातील मर्यादाही शोधकाच्या हाती होती हे कळू शकते. टिकाऊ आणि टाकाऊ भागांच्या मापांचा संबंध दाव्याचा गाभा असेल, तर अर्ज लिहितानाच मर्यादांची अशी उतरंड रचणे किती मोलाचे असते, हे या प्रकरणावरून दिसते.

पेटंट आणि परवानगी

या उपकरणांच्या परीक्षणात आरोग्याचा प्रश्न टाळता येत नाही, आणि टाळूही नये. तापवलेल्या तंबाखूच्या एरोसोलमध्ये व्यसन लावणारे निकोटिन असते आणि इतर विषारी घटकही असतात. भारताने सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेशाने आणि नंतर अधिनियमाने इलेक्ट्रॉनिक सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी घातली. व्याख्येत तंबाखू न जाळता तापवणारी उपकरणे स्पष्टपणे समाविष्ट आहेत, तर औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाखाली परवाना मिळालेली उत्पादने वगळली आहेत. साठवण सोडून इतर बाबतींत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

यावरून पेटंट आपोआप नाकारावे असा निष्कर्ष मात्र निघत नाही. पेटंट अधिनियमाच्या कलम ३(बी) नुसार ज्या शोधाचा मुख्य वापर किंवा व्यापारी उपयोग सार्वजनिक सुव्यवस्था अथवा नीतिमत्तेला विरोधी ठरेल, किंवा माणूस, प्राणी, वनस्पती यांच्या जीविताला, आरोग्याला अथवा पर्यावरणाला गंभीर बाधा करील, तो पेटंटयोग्य नाही. दुसरीकडे बौद्धिक संपदेविषयीच्या ट्रिप्स या आंतरराष्ट्रीय कराराचे कलम २७.२ असा अपवाद करण्यास मुभा देते, पण केवळ देशांतर्गत कायद्याने वापरावर बंदी आहे एवढ्याच कारणाने तो करता येणार नाही, असेही बजावते. आणि पॅरिस कराराच्या ‘४ क्वाटर’ या कलमानुसार विक्रीवरील निर्बंधाच्या कारणाने पेटंट नाकारता येत नाही. आयटीसी लिमिटेडच्या एरोसोल निर्माण करणाऱ्या तापक-रचनेच्या अर्जाला कलम ३(बी) खाली मिळालेला नकार कोलकाता उच्च न्यायालयाने रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले, तेही आरोग्याचा मुद्दा गैरलागू आहे म्हणून नव्हे, तर तो वैज्ञानिक पुराव्यावर आणि कारणांवर उभा असला पाहिजे म्हणून.

अमेरिकेतील घटनाक्रम याच तत्त्वाची दुसरी बाजू दाखवतो. तेथील अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये आयकॉसच्या विक्रीला परवानगी दिली होती. तरीही प्रतिस्पर्ध्याच्या दोन पेटंटांचे उल्लंघन झाल्याचे ठरवून आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये त्याची आयात रोखली, आणि मार्च २०२३ मध्ये फेडरल सर्किटने तो आदेश कायम केला. फिलिप मॉरिस आणि हा प्रतिस्पर्धी समूह, ब्रिटिश अमेरिकन टोबॅको, यांच्यातील जागतिक तडजोड फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली. एका देशात विक्रीची परवानगी असून पेटंटामुळे विक्री थांबली आणि दुसऱ्या देशात विक्रीवर बंदी असूनही पेटंटाचा अर्ज तपासावा लागतो, कारण पेटंट विकण्याचा अधिकार देत नाही. ते फक्त इतरांना रोखण्याचा अधिकार देते.

समारोप

आढाव्यात आलेल्या तिन्ही व्यवस्थांचे शब्द वेगळे असले, तरी चांगल्या परीक्षणाचे तीन प्रश्न त्यांतून सारखेच निघतात. भाग वेगळा केल्यामुळे सांध्यावर नेमकी कोणती तांत्रिक अडचण उभी राहिली. ती दूर करणारी रचना दाव्यात पूर्ण आली आहे काय. आणि ती त्याच संयोगाने मूळ वर्णनात होती काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नसेल तर दावा टोपण सुटे करण्याच्या पातळीवर राहतो, दुसऱ्याचे नसेल तर हद्द योगदानापेक्षा मोठी होते, आणि तिसऱ्याचे नसेल तर अर्जदाराला जे त्याने कधी सांगितलेच नाही त्याचा मक्ता मिळतो.

या प्रश्नांचे मोल तंबाखूच्या कंपन्यांपुरते मर्यादित नाही. औषध तापवून किंवा फवारून फुफ्फुसात पोहोचवणारी साधने याच कक्षांवर, याच सांध्यांवर आणि याच सुट्या कुप्यांवर चालतात. ‘काढता येणारी नळी’ अशा सैल दाव्याला पेटंट दिले, तर दम्याच्या रुग्णासाठी स्वस्त उपकरण करू पाहणाऱ्या एखाद्या लहान उत्पादकाची वाट २० वर्षे अडू शकते. आणि केवळ तिटकाऱ्यापोटी कारणांविना अर्ज फेटाळला, तर तो आदेश न्यायालयात टिकत नाही आणि आरोग्याची बाजूच दुबळी होते. भारतात अर्ज प्रकाशित झाल्यापासून पेटंट मिळेपर्यंत कोणतीही व्यक्ती त्याला विरोध करू शकते, आणि पेटंट मिळाल्याची बाब प्रकाशित झाल्यावर वर्षभर हितसंबंधित व्यक्तीला तो करता येतो. व्यसनमुक्ती संघटना, वैद्यकीय संस्था आणि छोटे उत्पादक यांनी ही तरतूद जुनी पेटंटे, मोजमापे आणि आरोग्याचा पुरावा पुढे ठेवून वापरली, तर परीक्षकाचे काम सोपे होईल आणि त्याच्या आदेशाला, तो मंजुरीचा असो वा नकाराचा, टिकाऊ आधार मिळेल.